नाम्वेझीच्या पोटऱ्या

नाम्वेझी तीन वर्षांची होती, तेव्हा माणसं आमच्या अंगणात खास तिच्या पोटऱ्या बघायला यायची. कालेहेच्या बाजारातून परतलेले वल्हेकरी डोक्यावरची पोती कुंपणाशी उतरवायचे आणि बिसिम्वा भावोजींना म्हणायचे, "कुठाय तुझी पैलवान? दाखव की."

भावोजी तिला उचलून आणून अंगणाच्या मधोमध उभी करायचे. पोरगी गुडघ्याएवढी, पण पोटऱ्या अशा की वर्षानुवर्षं होडी ओढलेल्या गड्याच्या वाटाव्यात. मांड्या टणक, दंड फुगलेले, खांद्यांवर मांसाच्या गाठी. माणसं वाकून बोटाने दाबून बघायची आणि मान डोलवायची.

"मुलगा असता तर आत्ताच हातात वल्हं दिलं असतं," एक जण म्हणाला.

"मुलगी आहे म्हणून काय झालं?" भावोजी म्हणाले. "पाण्याला काय कळतंय वल्हं कुणी धरलंय ते?"

भावोजींचं बोलणं असंच. सरोवरातल्या इज्वी बेटावरच्या आमच्या धक्क्यावरून अननस आणि घेवडा घेऊन जी मोठी होडी पलीकडे कालेहेला जायची, तिच्यात पुढच्या वल्ह्यावर ते बसत. नाम्वेझी त्यांची एकुलती एक, लग्नानंतर कितीतरी वर्षांनी झालेली. त्यामुळे कौतुकाला धरबंध नव्हता.

मी त्यांची धाकटी भावजय, वुमिलिया. अंगण एक, चुली दोन. माझी थोरली जाऊ नाबिंतू, म्हणजे नाम्वेझीची आई. ती मात्र ही गर्दी जमली की आत जाऊन कसाव्याचे कंद कुटायला बसायची. मला वाटायचं, पोरीला दृष्ट लागेल म्हणून घाबरत असेल. एकदा आम्ही दोघी काठावर कपडे धूत होतो. नाम्वेझीला शेजारच्या खडकावर बसवलं होतं. नाबिंतूने हातातला कपडा खाली ठेवला.

"वुमिलिया, खरं सांग. तू हिला कधी पळताना पाहिलंयस?"

मी आठवून बघितलं. नव्हतं पाहिलं.

"कोंबडीच्या मागे? बापाच्या मागे? कुणाच्या तरी मागे?"

"जाऊबाई, अंगाने जड आहे ती."

"जड आहे, पण त्या अंगात काही नाही गं." तिचा आवाज एकदम खाली आला. "पाण्याचा भोपळा हातात दिला की खाली पडतो. लहान भोपळा, तुझ्या ओंजळीएवढा. वर्षाची असताना भिंत धरून चालायला लागली होती. आता भिंतही धरत नाही. जणू चालायचं विसरत चाललीय."

मग मी नाम्वेझीकडे नीट बघितलं. ती जिथे बसवावी तिथे बसायची. माश्या तोंडावर बसल्या तर हात वर यायला वेळ लागायचा. उठायचं झालं की आधी दोन्ही हात जमिनीवर टेकायची, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, जणू स्वतःच्याच अंगावर चढून उभी राहायची. रडणं घोगरं. कातडी खरखरीत, आणि भर दुपारीसुद्धा गार. शौचाला आठवडा आठवडा व्हायचं नाही. जीभ जाड, ओठांतून सारखी डोकावणारी. हे सगळं मी रोज बघत होते. पण पोटऱ्यांपुढे कुणाच्या लक्षातच येत नव्हतं.

नाबिंतूने सासूबाईंजवळ विषय काढला. आमच्या सासूबाई, चिबालोन्झा, बोलायला बसल्या की समोरच्याने मुकाट ऐकायचं.

"जड अंगाचं पोर सावकाशच उठायचं," त्या म्हणाल्या. "हत्ती काय उड्या मारतो? लोकांची पोरं काटक्यांसारखी, त्यांच्या आया रडत नाहीत. तुझी भरलेली आहे तर तू रडतेस. देवाने दिलेलं पचत नाही काही बायकांना."

भावोजींनाही तिने सांगून पाहिलं. ते हसले. "दवाखान्यात नेऊ? कुणाला, हिला? धक्क्यावरची माणसं म्हणतील, बिसिम्वाला वेड लागलंय."

मग तो पाण्याचा दिवस आला.

आमच्याकडे वल्हेकऱ्यांची पोरं चालण्याच्या आधी पाण्यात पाय मारायला शिकतात. बाप पोटाखाली हात धरतो आणि मग हळूच काढून घेतो. पोर चार घोट पाणी पितं, बोंबलतं आणि तरंगतं. नाम्वेझीचं ते राहून गेलं होतं. त्या सकाळी होडी निघायला वेळ होता, धक्क्यावर पाच-पंचवीस माणसं होती. भावोजी तिला घेऊन कमरेइतक्या पाण्यात शिरले.

"बघा आता! ही पाय मारेल ना, तर पलीकडच्या काठावर लाट जाईल!"

सगळे हसले. भावोजींनी हात काढून घेतला.

"मार पाय! मार की गं! एवढं मांस कशाला दिलंय?"

पाय हललेच नाहीत. नाम्वेझी तशीच खाली गेली. धडपड नाही, की हात मारणं नाही. पाणी नितळ होतं, वरून सगळं दिसत होतं. डोळे उघडे ठेवून ती खाली खाली चालली होती, जणू कुणी झोपायला सांगितलंय. भावोजींनी बुडी मारून तिला वर काढलं तेव्हा ती खोकली, आणि बऱ्याच वेळाने, तेही घोगरं, रडली.

भावोजी तिला छातीशी धरून सबंध चढण चढून घरी आले. अंगणात बसून पोरीची पोटरी दाबत राहिले. नाबिंतू समोर उभी होती. तिला बोलायचं असतं तर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. तिने फक्त कोरडा कपडा दिला.

"घट्ट आहे," भावोजी म्हणाले. "लाकडासारखी घट्ट आहे. मग हललं का नाही?"

मग स्वतःच म्हणाले, "उद्या पलीकडे नेऊ."

*

पलीकडच्या मिशनच्या इस्पितळात कावीरा नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. उत्तरेकडच्या, उंच, मोजकं बोलणाऱ्या. मीही त्या दोघांबरोबर गेले होते, नाबिंतूला धीर हवा म्हणून. बाईंनी नाम्वेझीला पालथं झोपवलं, पाय गुडघ्यात दुमडला आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल झटकन हललं. पण परत जागेवर यायला मात्र त्याने इतका वेळ घेतला की मला वाटलं, कुणी अदृश्य हाताने धरून सावकाश खाली ठेवतंय. बाईंनी पुन्हा मारलं. पुन्हा तसंच.

मग त्यांनी तिचा गळा चाचपला. नाबिंतू पटकन म्हणाली, "बाई, तिच्या गळ्यावर काही नाही. गाठ माझ्या गळ्यावर आहे. हिच्याही आहे." म्हणून तिने मला पुढे ढकललं.

आमच्या बेटावर गळ्याची गाठ म्हणजे कानाच्या भोकासारखी, बाईला असायचीच. तिला कुणी आजार म्हणत नसे. बाई आधी आमच्याकडे बघत राहिल्या, मग स्टूल ओढून बसल्या.

"गळ्यात एक ग्रंथी असते," त्या म्हणाल्या. "ती एक रस करते. सगळ्या अंगाला कामाला लावणारा रस. तो करायला आयोडीन लागतं, आणि तुमच्या बेटाच्या मातीत ते नाही. त्यात कसावा नीट भिजवला नाही, तर जे थोडं असतं तेही तो वापरू देत नाही. तुमच्या गळ्यातली ग्रंथी धडपड करून करून फुगली. हिची धडपडून थकली आणि सुकली. म्हणून गळा सपाट."

"पण पाय?" भावोजींनी विचारलं. "गळा सुकला तर पाय एवढे का?"

"लहानपणी स्नायू घडत असतात. जन्मतः असतात ते तंतू सावकाश चालणारे, कोवळे. पहिल्या काही वर्षांत हा रस त्यांना सांगतो, आता जलद व्हा, घट्ट व्हा, ताकद धरा. हिच्या तंतूंना ते सांगायला कुणी उरलंच नाही. ते कोवळेच राहिले, आणि तंतूंच्या मधे नको ते साचत गेलं. बाहेरून मोठं दिसतंय. पण हे फुगलेलं आहे, भरलेलं नाही."

भावोजी खाली बघत होते. मग हळूच म्हणाले, "म्हणजे केळीच्या खांबाची होडी."

"तसंच," बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर हसू आलं. "पण केळीच्या खांबाचं लाकूड करता येत नाही. हिचं करता येईल. वर्षाची असताना भिंत धरून चालली होती म्हणता ना? म्हणजे तोवर रस होता. डोक्याचं फार नुकसान झालेलं नसावं. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही."

रक्त तपासायला शहरात जाणार होतं, उत्तर यायला महिना लागणार होता. बाई तेवढं थांबल्या नाहीत. त्यांनी गोळ्या दिल्या, इवल्याशा, मसुराच्या दाण्याहून लहान. रोज सकाळी उपाशीपोटी चुरून, चमचाभर पाण्यात. आधी अर्धी, मग वाढवत न्यायची. तो रसच होता, बाहेरून दिलेला.

"किती दिवस?" नाबिंतूने विचारलं.

"जन्मभर."

नाबिंतूने मान हलवली, जणू कुणी रोज चूल पेटवायला सांगितलंय.

आम्ही निघालो तेव्हा बाईंनी दारातून हाक मारली. "आणखी एक. ती आधी बारीक होईल. हे मांस उतरेल. लोक घाबरवतील. गोळी बंद करायची नाही."

*

लोकांनी घाबरवलंच.

त्याआधी चांगलं झालं, ते सांगते. पंधरवडा उलटला असेल. मी सकाळी शेण काढत होते. नाबिंतूच्या चुलीकडून अशी किंकाळी आली की मी पाटी टाकून धावले. नाम्वेझी जमिनीवर बसून हातपाय आपटत होती, कारण तिच्या ताटलीतला मासा कोंबडीने पळवला होता. तीन वर्षांत या पोरीला कशाचा राग आलेला मी पाहिला नव्हता. नाबिंतू तिच्यासमोर बसून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ओरड," ती म्हणत होती, "अजून ओरड, माझी बाय."

अंग गरम लागायला लागलं. पोट रोज साफ होऊ लागलं. पण पोटऱ्या उतरल्या. आधी मांड्या सैल झाल्या, मग दंड, मग खांद्यावरच्या गाठी गेल्या. पावसाळा संपेपर्यंत पोरगी अशी झाली की सासूबाईंनी तिचा पाय हातात धरला आणि मोठ्याने गळा काढला.

"खाल्लं! औषधाने माझ्या नातीचं मांस खाल्लं!"

धक्क्यावरचे वल्हेकरी आता अंगणात यायचे ते बघून गप्प परत जायचे. पाणवठ्यावर बायका नाबिंतूला ऐकू जाईल असं बोलायच्या. "एवढी सोन्यासारखी पोर. पलीकडे नेली आणि काटकी करून आणली." एक तर म्हणाली, "आईच्याच डोळ्यांत खुपत होती ती." नाबिंतूने त्या दिवशी घडा तसाच रिकामा परत आणला; पण दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी चुरली.

एका सकाळी मी तिला विचारलं, "जाऊबाई, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. रोज वाटते." चमच्यात बोट फिरवत ती म्हणाली. "पण काल हिने माझं बोट धरलं, आणि मला सोडवता येईना. हे त्यांना कसं सांगू? त्यांना दिसतं ते मांस. मला कळते ती पकड."

भावोजी मधल्या मधे अडकले होते. बाहेर हसण्यावारी न्यायचे, घरात येऊन पोरीच्या पायांकडे बघत बसायचे. शेवटी सासूबाईंनी आमच्या चुलतसासऱ्यांना बोलावणं पाठवलं. बाहिझिरे, घराण्यातले सगळ्यांत वडील. त्यांचा शब्द मोडायची पद्धत नव्हती. ते आले ते आपल्या स्टुलासकट. एकसंध लाकडाचं, तीन पायांचं, काळं पडलेलं स्टूल. ते दुसऱ्या कशावर बसत नसत. कुणीतरी ते डोक्यावर घेऊन मागून चालायचं.

अंगणात सगळे जमले. केळीची दारू आली, प्यायच्या नळ्या फिरल्या. बाहिझिरे बोलायला लागले.

"बिसिम्वा, पोर तुझी आहे, पण रक्त आमच्या सगळ्यांचं आहे. मी ही पोर पाहिली होती. माझ्या हयातीत असं पोर पाहिलं नव्हतं. आज पाहतोय तर काय? उपाशी घरातलं वाटावं. तुझ्या बायकोला काही विचारायची गरज नाही. तुला विचारतो. ती गोळी बंद करणार की नाही?"

भावोजींनी हातातली नळी खाली ठेवली. नाबिंतू दाराशी उभी होती, हाताची बोटं एकमेकांत घट्ट अडकवून.

"विचार करून सांग," बाहिझिरे म्हणाले आणि लघवीला म्हणून केळीच्या बागेकडे गेले. परत आले तर स्टूल नव्हतं.

"माझं स्टूल?"

सगळ्यांनी इकडे तिकडे पाहिलं. तेवढ्यात कणगीच्या मागून घासल्याचा आवाज आला, आणि नाम्वेझी प्रकट झाली. स्टूल तिच्याहून फार लहान नव्हतं. तिने त्याचे दोन पाय काखेत धरले होते, तिसरा जमिनीवरून खरडत होता, आणि ती ते मागे मागे ओढत चालली होती, दात ओठ खाऊन.

"ए! ठेव ते!" बाहिझिरे ओरडले.

नाम्वेझीने वर पाहिलं. मग तिने ते स्टूल चक्क उचललं, तिन्ही पाय जमिनीवरून सुटले, आणि ती पळाली. हो, पळाली. चार पावलं, सहा पावलं, कणगीला वळसा घालून कोंबड्यांच्या मधून, हसत. तिचं हसणं घोगरंच होतं, पण आम्ही ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. एक काका पकडायला धावले ते केळ्याच्या सालीवर पाय पडून आपटले. सगळं अंगण हसायला लागलं.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या तोंडातली नळी खाली पडली. "पकडा तिला," त्या म्हणाल्या, मग एकदम, "नाही, नाही, सोडा! पळू द्या! बघू द्या मला!"

नाम्वेझीने शेवटी दमून स्टूल कुंपणाशी टाकलं आणि त्यावर चढून बसली. बाहिझिरे तिच्यासमोर गेले. 

"उतर," ते म्हणाले.

"नाही," नाम्वेझी म्हणाली. तेव्हा तिला येणाऱ्या थोड्या शब्दांपैकी तो एक होता.

बाहिझिरे वळले. "बिसिम्वा, गोळ्या किती आणल्यास?"

"महिन्याच्या."

"मग पुढच्या महिन्यात होडीत जागा ठेव. मी पण येतो. माझ्या सुनेचं तान्हं पण असंच गप्प गप्प असतं."

त्या वर्षी आमच्या धक्क्यावरून किती तान्ही पलीकडे गेली, हे मला सांगता येणार नाही. पुढे इस्पितळाची माणसंच बेटावर आली, आम्हा बायकांना आयोडीनच्या तेलाची सुई टोचली, आणि कसावा वाहत्या पाण्यात दिवस दिवस भिजवायला शिकवून गेली. सासूबाई सगळ्यांत आधी दंड उघडा करून बसल्या. सुई लागली तेव्हा नर्सला म्हणाल्या, "एवढीच? मला वाटलं म्हाताऱ्यांना मोठी देत असतील."

*

सगळंच भरून आलं, असं मी म्हणणार नाही. नाम्वेझी उंचीला बसकीच राहिली. शाळेत उशिरा गेली, अक्षरं तिला हळूहळू लागली, आणि आजही ती उत्तर देण्याआधी थोडं थांबते. नवखा माणूस त्याला मंदपणा समजतो. पण पायांत आलं ते खरं आलं. दहा वर्षांची झाली तेव्हा भावोजींनी तिला छोट्या होडीत पुढे बसवलं. काठाकाठाने, मग खाडी ओलांडून, मग उघड्या पाण्यावर.

एका वर्षी पलीकडच्या गोळ्या संपल्या. दोन महिने कुठेच मिळेनात. नाम्वेझी तेव्हा चौदाची असेल. आम्ही डोळ्यांदेखत ती विझताना पाहिली. आधी आवाज जाड झाला, मग चेहरा सुजला, मग एका सकाळी वल्हं उचलताना हात थांबला. "काका, वल्हं जड झालंय," ती माझ्या नवऱ्याला म्हणाली. भावोजींनी कुणाला विचारलं नाही. चार गडी घेतले आणि सरोवराच्या पार दक्षिण टोकाला, बुकावूपर्यंत वल्हवत गेले. परत आले ते खांदा कायमचा निकामी करून, पण कमरेला गोळ्यांची पुडी बांधून. त्या खांद्याने ते पुन्हा मोठ्या होडीत बसले नाहीत. त्यांची जागा रिकामी झाली, आणि ती नाम्वेझीला काही कुणी दिली नाही. धक्का पुरुषांचा होता.

आम्ही बायका अननस पिकवायचो, धक्क्यावर आणून ठेवायचो आणि वाट बघायचो. पुरुषांचा माल आधी चढायचा. आमचा दुसऱ्या खेपेला, तिसऱ्या खेपेला, कधी उन्हात सडायचा. नाम्वेझी चोविसाची असताना एकदा तिने सडलेला अननस पाण्यात भिरकावला आणि आमच्याकडे वळून, तिच्या सवयीने जरा थांबून म्हणाली, "आपली होडी करू."

"कोण वल्हवणार?" मी विचारलं.

"मी. आणि मी शिकवीन ते सगळे."

होडी आमच्याकडे डोंगरावरच्या जंगलातच कोरतात. झाड पडतं तिथेच ती तयार होते, आणि मग दोर बांधून पाण्यापर्यंत ओढत आणायची. ते पुरुषांचं काम. त्या दिवशी पुरुष येणार म्हणाले होते. आले, आणि वाटेच्या कडेला सावलीत बसले.

"अडकली की हाक मारा," एक जण म्हणाला.

"हाक मारू, पण होडी पाण्यात गेल्यावर, घोट प्यायला," नाम्वेझी म्हणाली.

आम्ही तीसेक जणी होतो. वाटेवर ओल्या फांद्या अंथरल्या, दोर खांद्यावर घेतला. नाम्वेझी सगळ्यांच्या पुढे, कारण बुटकी असल्यामुळे तिचा जोर खालून लागायचा. तिने ताल धरला. तिच्या त्या घोगऱ्या आवाजाला गाणं म्हणवत नाही, पण हुकूम छान देता येतो. "हे... या! हे... या!" होडी हलली. माझे तळवे सोलवटले, पण ती हलली. उतारावर ती आम्हाला ओढायला लागली, चढावर आम्ही तिला. ओढ्याजवळच्या वळणावर मात्र होडीचं नाक खडकाला जाऊन भिडलं आणि सगळं थांबलं. तीन वेळा ओढलं. हूं की चूं नाही. सावलीतून हसू आलं.

नाम्वेझीने दोर सोडला. ती होडीच्या नाकाखाली शिरली, एक गुडघा मातीत रोवला, खांदा लाकडाला लावला. आम्हाला तिची फक्त पाठ आणि मागे ताणलेली पोटरी दिसत होती. बारीक पोटरी, दोरीसारखी वळलेली, आणि तिच्यातली शीर न् शीर जागी.

"आता!" ती ओरडली.

आम्ही ओढलं. नाक वीतभर वर उचललं गेलं, खडक खरडला आणि होडी वळली. सावलीतले दोघे-तिघे कधी उठून आमच्या दोराला लागले ते आम्हालाही कळलं नाही. बायकांनी जी आरोळी ठोकली ती धक्क्यापर्यंत गेली. तिथे भावोजी उभे होते, नाबिंतूच्या खांद्यावर आपला धड राहिलेला हात ठेवून. होडी पाण्यात शिरली तेव्हा त्यांनी कमरेइतकं पाणी तुडवत जाऊन तिच्या लाकडावर थाप मारली, आणि वळून सावलीतून आमच्या मागे खाली आलेल्या मंडळींना म्हणाले, "या आता. कुणाचा माल राहिलाय? विचारा बायकांना, जागा आहे का."

तिसऱ्या दिवशी पहिली खेप. मी मागून तिसरी बसले होते. वारा समोरून, अननस गच्च भरलेले. नाम्वेझीने सकाळी गोळी घेतली, तोंड पुसलं, पुढे जाऊन बसली, आणि मग कालेहे येईपर्यंत तिचं वल्हं थांबलं नाही. किनाऱ्यावरचा हमाल होडीच्या नाकाला दोर बांधायला आला. वल्ह्यांवर सगळ्या बायका बघून तो गोंधळला.

"तुमचा नाखवा कुठाय?" त्याने आमच्या डोक्यांवरून मागे बघत विचारलं.

नाम्वेझी त्याच्या अगदी समोर उभी होती. नेहमीसारखी ती थोडी थांबली.

"जरा खाली बघ," ती म्हणाली.